सीटमागचा दांडा

“सीट किती खाली घेऊ?” दस्तगीर मेस्त्रीनं विचारलं.

“खाली कशाला? माझ्या मापाची करा,” मी म्हटलं.

“तेच तर म्हणतोय अण्णा. तुमच्या मापाची करायची म्हणजे खालीच घ्यायला लागंल.”

मी सायकलकडे बघितलं. हिरव्या रंगाची लेडीज सायकल होती ती, शालनची. शालन म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. उभी राहिली तर ती माझ्या खांद्याला लागायची. तिची सायकल मला चालवायची म्हणजे सीट वर काढावी लागणार, असं मनाशी धरून मी घरातून निघालो होतो. मेस्त्री उलटं सांगत होता.

मी टांग टाकून सीटवर बसून बघितलं. दोन्ही पाय लोंबायला लागले. अंगठासुद्धा जमिनीला टेकेना.

“एवढी वर कुणी केली?” मी विचारलं.

मेस्त्री पाना शोधायला लागला. पाना त्याच्या मांडीजवळच पडला होता.

“असंल पहिल्यापासनं,” तो म्हणाला.

“पहिल्यापासून कशी असेल? तिचे पाय पुरले असते का?”

“अण्णा, सायकलीचं काय काय करून घ्यायचंय ते सांगा. मला दुपारला नमाजाला जायचंय.”

मी सांगायला लागलो. त्या वेळी मी तासगावात नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याला पंप ऑपरेटर होतो. पंपहाऊस गावाबाहेर नदीकडं. माझी मोटरसायकल शालनच्या दवाखान्याच्या खर्चापायी विकली गेली. त्यानंतर वर्षभर मी कुणाच्या ना कुणाच्या गाडीवरून कामाला जात होतो. लोक नेत होते, पण रोज कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहायचं मला नको झालं होतं. न्हाणीघरामागं शालनची सायकल पोतं टाकून उभी होती. तिलाच कामावर जाण्याजोगी करून घ्यायची, असं ठरवून मी ती ढकलत आणली होती. डगमगणाऱ्या चाकांचा आउट काढायचा, छर्रे बदलायचे, पुढचा ब्रेक घट्ट करायचा, हँडल जरा वर घ्यायचं. नदीकडच्या रस्त्याला दिवे नाहीत, तर डायनामो बसवायचा. कॅरिअरवर डबा आणि माझी पान्यांची पेटी बसेल अशी जाळी करायची.

“कॅरिअरवरची गादी काढू मग?” मेस्त्री म्हणाला.

गादी मी तोवर बघितलीच नव्हती. काळ्या रेक्झिनची, चांगली चार बोटं जाड, खालून पट्ट्यांनी आवळलेली. मी खाली वाकलो. मागच्या चाकाच्या आसाजवळ डाव्या बाजूला लोखंडी पट्टी वेल्डिंग करून काढली होती. पाय ठेवायला करतात तशी. उजव्या बाजूला काही नव्हतं. आणि सीटच्या मागं, सीटच्याच पाइपाला, एक आडवा दांडा होता. वीतभर लांब. त्याच्या दोन्ही टोकांना हँडलच्या असतात तशा रबरी मुठी.

“हे काय आहे?”

“पिशवी अडकवायला.”

“पिशवीला मूठ कशाला लागते?”

मेस्त्रीनं वर बघितलं नाही. “काढून टाकतो की सगळं. ठेवून जावा. उद्या न्या. नव्यासारखी करून देतो.”

मी आयुष्यभर पंपाची कामं केली. वेल्डिंग कुणाच्या हातचं आहे हे मला कळतं. पट्टीवरचं वेल्डिंग आणि मेस्त्रीच्या दुकानातल्या लोखंडी बाकाचं वेल्डिंग एकाच हाताचं होतं.

“मेस्त्री, हे तुम्हीच केलंय.”

“वैनींनी सांगितलं, मी केलं. गिऱ्हाईक सांगंल ते करायचं. मी इचारत न्हाई कुणाला.”

“कशाला पाहिजे म्हणाली?”

“दीड-दोन वर्ष झालं त्याला. ध्यानात न्हाई.”

मी त्याला यातलं काहीही काढू दिलं नाही. सीट तेवढी खाली घ्यायला लावली. त्यासाठी त्यानं पाइप बाहेर काढला, तर त्यावर एक खूण दिसली. खुणेच्या वरचा भाग गंजलेला होता, खालचा चकचकीत. इतका गंज एका दिवसात चढत नाही. सीट बरेच महिने त्या उंचीवर होती, आणि त्या उंचीवर कुणीतरी रोज बसत होतं. चाकं आणि ब्रेक मी तिथंच समोर बसून करून घेतले. डायनामो नंतर बघू म्हटलं. मेस्त्रीला नमाजाला उशीर झाला तरी तो एका शब्दानं बोलला नाही. तेही मला बरं वाटलं नाही. एरवी तो फार बोलणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून पंपहाऊसला गेलो. माझ्या जोडीला बजरंग नावाचा हेल्पर होता. चांगला पोरगेला गडी, तोंडानं वाईट.

“या या,” तो म्हणाला, “लेडीज स्पेशल आली. काका, आता गजरा तेवढा माळा म्हणजे झालं.”

मी हसलो. सायकल भिंतीला लावली आणि मोटरचं रीडिंग बघायला आत गेलो. बाहेर आलो तर बजरंग सायकलीशेजारी उकिडवा बसला होता.

“काका, ही डबलसीटची सायकल हाय.”

“असेल.”

“असंल काय, हायच. गादी बघा की. आणि पट्टी एकाच बाजूला. म्हणजे मागं बसणारं माणूस दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसणारं. म्हणजे लुगड्यातलं.” त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. “आणि सीट बघा, नुकतीच खाली घेतलीया, पाइपाचा गंज खरवडून कडेला साठलाय. चालवणारा चांगला ताडमाड गडी असणार. कुणाकडनं घेतली सायकल?”

मी रीडिंगची वही उघडली. बजरंगला माझ्या घरचं फारसं ठाऊक नव्हतं. पण माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळलं असावं. तो उठला, हात झटकले आणि व्हॉल्व्ह बघायला म्हणून नदीच्या बाजूला गेला. दिवसभर पुन्हा त्यानं चेष्टा केली नाही.

शालन मणेराजुरीच्या रस्त्याला बेदाण्याच्या शीतगृहात कामाला होती. निवडणीच्या टेबलावर. हिरवा बेदाणा वेगळा, पिवळा वेगळा, काळा पडलेला वेगळा, काडी वेगळी. तिच्या हाताला वेग होता. नवीन बायका आल्या की त्यांना तिच्याशेजारी बसवायचे. सकाळी भाकरी करून, माझा डबा भरून ती सायकल घेऊन निघायची. माझ्या पाळ्या बदलत. कधी मी झोपलेलो असायचो, कधी पंपावर असायचो. ज्या दिवशी घरी असायचो त्या दिवशी ती सायकल हातात धरून गल्लीतून चालत जाताना दिसायची. गल्लीत ड्रेनेजसाठी खणून ठेवलं होतं, त्यामुळे चालत जाते, असं ती म्हणाली होती. मी खरं मानलं होतं. ड्रेनेजचं खणलेलं मला दिसत होतं, मग खोटं का मानायचं?

आता मला दुसरंच दिसायला लागलं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी उभं असणार. ती सायकल त्याच्या हातात देत असणार. तो उंच माणूस पुढं, ही मागं, गादीवर. रोज. आणि मी घरात झोपलेला.

एकदा असलं मनात शिरलं की सगळंच तिकडं ओढलं जातं. तिच्या शेवटच्या दिवाळीत तिनं नवीन चप्पल घेतली होती, ती कशाला? रात्री ती कूस बदलून भिंतीकडं तोंड करून झोपायची, ती का? हाक मारली तर ओ द्यायला वेळ लावायची. कामावरून आली की चेहरा उतरलेला असायचा, आणि कामावर जाताना मात्र भांग काढून, पावडर लावून. मी एकेक आठवत गेलो. जेवढं आठवेल तेवढं त्या एकाच बाजूला पडत गेलं.

आणि एक माणूस आठवला. शालनला पोचवायला स्मशानात गेलो तेव्हा एक उंच माणूस लांब, गेटाजवळच्या लिंबाखाली उभा होता. डोक्याला पांढरी टोपी. जवळ आला नाही. कुणाशी बोलला नाही. अग्नी दिल्यावर मी मागं वळलो तेव्हा तो निघून चालला होता. तेव्हा मी ध्यानात घेतलं नव्हतं. कोण येतं, कोण जातं, याची त्या दिवशी शुद्ध कुणाला असते?

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. माझी मुलगी जतला दिली आहे. तिनं निरोप पाठवला होता, भटजींना सांगून ठेवलंय, आईला आवडायची ती गव्हाची खीर मी येऊन करते. मी हो म्हटलं. पण मनात एकच होतं. पाटावर बसून तिच्या नावानं हात जोडायचे तर कुणाला जोडायचे? सव्वीस वर्षं जिच्याबरोबर राहिलो, तिला? की उंच माणसाच्या मागं बसून जाणाऱ्या त्या बाईला? हे कळल्याशिवाय मी पाटावर बसणार नव्हतो. मुलीला मात्र काय सांगायचं, ते सुचत नव्हतं.

मी परत मेस्त्रीकडं गेलो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तो चाकाला तारा घालत होता.

“डायनामो बसवायचा ना?” त्यानं विचारलं.

“बसवू नंतर. तो माणूस कोण, ते सांगा.”

“कोण माणूस?”

“ज्याच्यासाठी सीट वर केली.”

त्यानं तार खाली ठेवली. “अण्णा, मी शब्द दिलाय.”

“कुणाला? शालनला?”

“व्हय.”

“शालन मेली.”

“म्हणून तर,” तो म्हणाला. “जित्या माणसाला दिला असता तर जाऊन इचारलं असतं, सांगू का म्हणून. आता कुणाला इचारू?”

मी बाकावर बसून राहिलो. मेस्त्रीनं चाक फिरवून बघितलं, बाजूला ठेवलं, पुन्हा घेतलं. त्याला वाटलं असावं मी उठून जाईन. मी उठलो नाही.

“तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय,” शेवटी तो म्हणाला.

“मग सांगा तसं काही नाही म्हणून.”

“मी सांगितलं तर तुम्ही मानणार हाय का? तुम्ही म्हणणार, मेस्त्रीनं झाकलं.” त्यानं हात पुसले. “नाव सांगतो. फुडचं मी सांगणार न्हाई. तेवढ्यानं माझा अर्धाच शब्द मोडंल.”

“सांगा.”

“भूपाल मगदूम. शीतगृहातच हाय, मशीनवर. जैन बस्तीच्या मागं ऱ्हातो. पण अण्णा, एक ऐका.”

“काय?”

“भांडायला जाऊ नका. चांगला माणूस हाय.”

चांगला माणूस. मला ते शब्द फार दिवस टोचत राहिले. मेस्त्रीला तो चांगला माहीत होता, शालनला माहीत होता, फक्त मलाच तो माहीत नव्हता.

रविवारी सकाळी मी मगदूमच्या घरी गेलो. शालनच्या सायकलवरूनच गेलो. मुद्दाम. सायकल दारात लावायची आणि त्याच्या तोंडाकडं बघायचं, असं ठरवलं होतं. माणूस बोलताना खोटं बोलतो, पण पहिल्या बघण्यात खोटं बोलता येत नाही, अशी माझी समजूत होती.

दारात एक बाई पाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. अंगानं जाड, एक पाय लांब सोडलेला. मला बघून तिनं पदर नीट केला.

“भूपाल मगदूम इथंच राहतात?”

“इथंच. बस्तीत गेल्यात दर्शनाला, येतील आता. तुम्ही कुठलं?”

“मी धोंडीराम माळी. शालनचा...”

पुढचं मला म्हणावं लागलं नाही. बाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि भिंतीला धरून उठायला लागली. गुडघा दुखत असावा. उठून ती माझ्याकडं आलीच नाही, सायकलीकडं गेली. सीटमागच्या दांड्यावर तिनं हात ठेवला.

“दांडा काढला न्हाई व्हय अजून?”

“का काढायचा?”

“आता कुणाला लागतोय.” तिनं दांड्याची रबरी मूठ दाबून बघितली. “दाजी, उभं का? आत या.”

मला दाजी म्हणायचं तिला काय कारण, ते मला कळेना. “मला मगदूमांशी बोलायचंय,” मी म्हटलं.

“बोला की. पण आधी बसा तर. मी सुगंधा. शालनआक्का आणि मी एकाच टेबलावर होतो. माझा गुडघा गेला आणि मी घरात बसले. आक्कानं सांगिटलं नव्हतं माझं?”

सांगितलं असेल. घरात शालन कामावरच्या बायकांचं काही ना काही बोलायची. सुगंधा हे नाव कानावरून गेल्यासारखं वाटत होतं.

मी ओट्यावर बसलो. तेवढ्यात मगदूम आला. अनवाणी, पांढरी टोपी, हातात तांदळाची रिकामी डबी. दाराच्या चौकटीत त्याला वाकावं लागलं असतं एवढा उंच. आधी त्याला सायकल दिसली, मग मी. तो तिथंच थांबला. त्याच्या तोंडावर मी काय वाचणार होतो, ते मला वाचता आलं नाही. तो नुसता दमलेल्या माणसासारखा दिसला.

“आलात,” तो म्हणाला.

“तुम्ही माझी वाट बघत होतात?”

“वाट न्हाई. पण कधी ना कधी येणार, वाटत होतं.”

“मग तुम्हीच का नाही आलात?”

तो बायकोकडं बघायला लागला. सुगंधानं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिची नजर माझ्यावर जरा जास्त वेळ राहिली.

“अगं बाई,” ती हळू म्हणाली. “दाजी, तुमास्नी काय बी ठाऊक न्हाई. व्हय ना?”

“काय ठाऊक नाही?”

“आणि तुम्ही काय समजून आलाय, ते बी कळलं मला. ह्ये दारात आल्यापासनं माझ्या नवऱ्याची उंची मोजताय.” ती पुन्हा पाटावर बसली. “ह्यास्नी स्वतःची चप्पल सापडत न्हाई, कधी बस्तीत विसरत्यात, कधी कामावर. दुसऱ्याच्या बायकोला कुठनं सांभाळणार? मी हाय म्हणून दोन्ही वेळा जेवत्यात.”

मगदूम म्हणाला, “सुगंधा, गप.”

“गप काय. गप बसून बसून वर्ष गेलं.”

मी विचारलं, “तुम्ही माझ्या बायकोला रोज सायकलवर नेत होतात की नाही?”

“नेत होतो,” मगदूम म्हणाला. “आणि संध्याकाळी आणत बी होतो. गल्लीच्या तोंडापर्यंत.”

“का?”

तो खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याला बोलण्याची सवय नव्हती, हे दिसत होतं. एकेक वाक्य तो पाणी शेंदल्यासारखं काढत होता.

“मी एकदा कामाला चाललो होतो. चालतच. माझी सायकल नव्हती तवा. वैनी रस्त्याकडंला बाभळीखाली बसल्या होत्या. सायकल आडवी पडलेली. मला वाटलं पडल्या. बघतो तर दम लागलेला. ओठ निळं पडलेलं. पाणी पाजलं. म्हटलं, घरी सोडतो. तर म्हणाल्या, घरी नको, कामाला सोडा.”

“केव्हाची गोष्ट?”

“दिवाळी झाली होती. तुळशीचं लग्न व्हायचं होतं.”

शालन गेली ती पुढच्या श्रावणात. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर विचारलं होतं, त्रास कधीपासून होतोय? ती म्हणाली होती, चार-आठ दिवस झाले. डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता कागद लिहायला घेतले. हृदयाची झडप खराब झाली होती. आता फार उशीर झालाय, असं ते नंतर मला बाहेर घेऊन म्हणाले.

“मीच आक्काला मिरजेला घेऊन गेलते,” सुगंधा म्हणाली. “माझा गुडघा दाखवायचा म्हणून दोघी गेलो आणि दाखवलं तिचं काळीज. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करा, आणि तोवर घरात बसून ऱ्हावा, सायकल तर बंदच. ही एसटीत बसली आणि मला म्हणाली, सुगंधे, सायकल बंद म्हणाला, सायकलवर बसायला बंद म्हणाला का? पॅडल मारायला बंद ना? मग मागं बसून जाईन.”

मगदूम मान हलवत होता. त्याला ते आठवत असावं.

“मी म्हटलं, दाजींना सांग. ती म्हणाली, त्यांना सांगिटलं तर त्याच दिवशी मला घरात बसवतील. आणि घरात बसले की मी आजारी हाय. टेबलावर असते तवर न्हाई.” सुगंधा शेंगांत हात घालून नुसत्या ढवळत होती. “मला ते पटलं. माझं मला ठाऊक होतं ना, घरात बसल्यावर कसं होतंय ते. म्हणून मग मीच ह्यास्नी म्हटलं, तुम्ही चालतच जाताय, तिच्या सायकलवरनं जावा, तिला मागं घ्या. तिला रोज सायकल घेऊन घरातनं निघाल्यासारखं दिसायला पायजे होतं. यांना जायला सायकल झाली, तिचं काम राहिलं.”

“गाव बोललं नाही?”

“बोलू नये म्हणून तर तो दांडा.” ती एकदम सायकलीकडं बोट करून म्हणाली. “बाईमाणूस परक्या गड्याच्या मागं बसणार. रस्ता तुम्ही बघितलाय, नुसता खड्डा. धरणार कशाला? कंबर धरली तर गाव बोलणार. न्हाई धरली तर रस्त्यात पडणार. पहिल्या दिवशी तिनं सीटची स्प्रिंग धरली, तर बोटं चिमटली. मग आम्ही दोघींनी दस्तगीर मेस्त्रीकडं जाऊन सांगिटलं, सीटमागं दांडा लावून दे, बाईला धरायला. म्हणजे हिनं ह्यांच्या अंगाला हात लावायला नको, आणि बघणाऱ्याला बी लांबनं दिसावं की हात दांड्यावर हाय. मेस्त्री हसला. मग कारण सांगिटल्यावर त्यानं स्वतःच्या डोस्क्यानं मुठी बसवल्या, गादी केली, पाय ठेवायला पट्टी केली. आक्कानं त्याच्याकडनं वचन घेतलं, माळ्यांच्या घरात कळता कामा नये.”

मी दांड्याकडं बघितलं. रबरी मुठी बोटांच्या जागी गुळगुळीत झालेल्या होत्या. मी रोज त्याच्यापुढं बसून कामाला जात होतो.

“स्मशानात तुम्ही लांब का उभे होता?” मी मगदूमला विचारलं.

“जवळ आलो असतो तर कुणी म्हणालं असतं, तुम्ही कोण. मग काय सांगायचं?”

सुगंधा उठून आत गेली, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. चहा नको म्हणायचं मला सुचलं नाही. मनातला एक गोळा सुटला होता, हे खरं. पण त्याच्या जागी काय आलं होतं, त्याला मला नाव देता येईना. शालननं दुसऱ्या माणसापायी मला फसवलं नव्हतं. तिनं मला फसवून कामाला जायचं ठेवलं होतं. उतरलेला चेहरा लपवायला पावडर लावली होती. रात्री भिंतीकडं तोंड करून झोपत होती ती श्वास ऐकू जाऊ नये म्हणून. हे तिघांना ठाऊक होतं, मेस्त्रीसुद्धा धरून. आणि हे सगळं ती कुणाच्या धाकानं करत होती, तर माझ्या. मी तिला घरात बसवलं असतं का? बसवलंच असतं. त्यात तिचं ऐकलं नसतं.

चहा आला. मगदूमनं बशीत ओतला, फुंकर घातली आणि तसाच हातात धरून बसला.

“तुम्ही एकदा भेटला होता की आम्हाला,” तो म्हणाला.

“कुठं?”

“रस्त्यावर. सकाळी. तुमची पाळी नसंल. मोटरसायकलला मागं कसलातरी पाइप बांधला होता. मणेराजुरीकडनं येत होता.”

पंपाचा पाइप आणायला मी त्या बाजूच्या वर्कशॉपला अधूनमधून जायचो. “मग?”

“तुम्ही लांबनं दिसला तशी वैनी म्हणाल्या, ह्ये आले, ह्ये आले. पदर पार तोंडावर वढला आणि माझ्या पाठीमागं मान खाली घातली. मी घाबरलो. खड्डा चुकवायला गेलो आणि सायकल रस्त्याच्या मधोमध आली. तुम्ही हॉर्न मारला. आणि शेजारनं जाताना वरडला माझ्यावर.”

“काय ओरडलो?”

मगदूम संकोचला. सुगंधा दारातून म्हणाली, “सांगा की. मला घरी येऊन दहा वेळा सांगिटलंय.”

“तुम्ही म्हणाला, ए लंबू, मागं बाई हाय, दिसत न्हाई का, पडंल की ती.”

“आणि?”

“आणि गेला निघून. तुम्ही वळणावर दिसंनासं झालात, आणि वैनी हसायला लागल्या. पार शीतगृहाच्या गेटापर्यंत हसत होत्या. मी म्हटलं, वैनी, दम लागंल, थांबा. तर म्हणाल्या, बघितलं का भूपालभावजी, घरात बी असंच वरडत्यात. घरातलं बी असंच माझ्याच काळजीचं असतंय. फक्त वरडताना माझ्याकडं बघत न्हाईत.”

मी आठवून बघितलं. पाइप बांधलेला आठवला. खड्ड्यांचा रस्ता आठवला. सायकलवर डबलसीट चाललेली कितीतरी माणसं आठवली, आणि त्यातल्या कितीतरी जणांवर मी ओरडलोही असेन. मोटरसायकलवर असलं की माणूस ओरडतोच. पण त्या सगळ्यांत तोंडावर पदर ओढलेली एक बाई, ती मला काही केल्या आठवेना.

“परत सांगा,” मी म्हटलं.

मगदूमनं बशी खाली ठेवली. तो पहिल्यापासून सांगायला लागला. मी लांबून दिसलो, ती काय म्हणाली, हॉर्न, खड्डा. मी मध्येच थांबवलं.

“लुगडं कुठलं होतं तिचं?”

त्यानं बायकोकडं बघितलं, मग जमिनीकडं.

“ते मी न्हाई बघितलं,” तो म्हणाला. “मी फुडं बघून चालवायचो. रोज. हसताना बी मी मागं वळलो न्हाई. मला नुसतं ऐकायला येत होतं.”

“कसं ऐकायला येत होतं?”

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. त्याला सांगता येईना. सुगंधा दाराला टेकून उभी होती. मी चहा हातात घेऊन थांबलो.